गाण्यातला संकेत आणि जन्मठेप : नाशिक, १९०९

फेब्रुवारी २०१३. अमेरिकेतल्या ‘सुपर बोल’ सामन्याच्या मध्यंतरात बियॉन्सेने मंचावर दोन्ही हातांची बोटे जुळवून एक चौकट केली. पुढचे कित्येक दिवस जगभरच्या समाजमाध्यमांवर एकच चर्चा होती : ही ‘इल्युमिनाटी’ या गुप्त पंथाची खूण आहे का?

ती खूण प्रत्यक्षात तिचा पती जे-झी याच्या ‘रॉक-अ-फेला’ या ध्वनिमुद्रण कंपनीची. हिऱ्याचा आकार. तो स्वतः वर्षानुवर्षे जाहीरपणे ती करत आला होता. पण लोकप्रिय गाण्यात दडलेला संकेत शोधण्याची हौस अशा साध्या खुलाशाने भागत नाही.

हा प्रश्न मात्र नवा नाही. लोकांच्या ओठांवरच्या गाण्यांत गुप्त मंडळाचे संकेत दडले आहेत का, याचा निवाडा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एका न्यायालयाला करावा लागला. गाव नाशिक. पुरावा म्हणून समोर होत्या चार कविता. शिक्षा झाली ती काळ्या पाण्याची.

या कथेचा नायक नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतल्या एका खोलीत राहत असे. गोविंद त्र्यंबक दरेकर. जन्म १८७४. लहानपणीच्या आजारात त्याचे दोन्ही पाय लुळे पडले. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम, पण कान विलक्षण तयार. गावातले लोक त्याला ‘आबा’ म्हणत. मराठी साहित्य त्याला ‘कवी गोविंद’ या नावाने ओळखते.

आबा दरेकर आधी लावण्या रचत असे. शृंगारिक, चटकदार, फडावर रंगणाऱ्या. ‘आजच्या भाषेत लोकप्रिय गीतकार’ असे त्याचे वर्णन केले तर फारसे चुकणार नाही. आणि शाहिरीच्या त्या परंपरेत संकेत ही मुळी लपवायची गोष्ट नव्हतीच. तो खेळाचाच भाग होता.

कलगी-तुऱ्याचे फड आठवावेत. तुरेवाल्यांचा पक्ष शिवाचा, पुरुषतत्त्वाचा. कलगीवाल्यांचा पक्ष शक्तीचा, मायेचा. एका फडाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते सोडवायचे. अशा रचनांना ‘भेदिक’ म्हणत. वरवर पाहता एखाद्या नारीचे वर्णन, आत देह आणि आत्म्याचा हिशेब. साताऱ्याकडच्या पुसेसावळीच्या हैबतीने तर भेदिकावरच नाव कमावले.

नाशिकचा मुलूख या परंपरेला परका नव्हता. पेशवाईच्या उत्तरार्धातला नामांकित शाहीर परशराम सिन्नरजवळच्या बावी गावचा, जातीने शिंपी. थोडक्यात, गाण्यात सांगितलेली गोष्ट एक आणि समजून घ्यायची दुसरी, हे शिक्षण इथल्या शेतकऱ्यालाही फडाच्या कडेला बसून मिळालेले असे. त्यासाठी शाळेत जावे लागत नसे.

त्यात नाशिकची भूमी. इथे पंचवटी आहे, काळाराम आहे. शूर्पणखेचे नाक इथेच कापले गेले आणि त्यावरूनच गावाला नाव पडले, असे इथले लोक मानतात. खर, दूषण आणि त्रिशिरा यांच्याशी रामाचे युद्ध झाले ते याच जनस्थानात, अशी श्रद्धा. नाशिकच्या मुलाला राक्षस केवळ पोथीत भेटत नसे. राक्षसांचा पत्ताच त्याच्या गावचा होता. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढे न्यायालयात वाद झाला तो देव आणि दानव या शब्दांच्या अर्थावरून.

१८९९ च्या अखेरीस भगूरच्या विनायक दामोदर सावरकराने, वयाच्या सतराव्या वर्षी, नाशकात दोन मित्रांसह एक गुप्त गट स्थापन केला. १९०० च्या आरंभी त्याचे उघड रूप पुढे आले : ‘मित्रमेळा’. बैठकीची जागा आबा दरेकराची खोली. चालू न शकणाऱ्या माणसाकडे बाकीच्यांनी जावे, हे ओघानेच आले.

लावणीकार गोविंद तिथेच बदलला. रचनेची सफाई तीच, चाली त्याच, ठेका तोच. विषय मात्र शिवाजी, अफझलखान, स्वातंत्र्य. सावरकरांनी स्वतः तानाजी आणि बाजीप्रभू यांच्यावर पोवाडे रचले. सरकारने पुढे तेही जप्त केले.

या गाण्यांना मंच मिळाला तो गणेशोत्सवाचा. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ पासून रुजू लागला आणि त्याबरोबर ‘मेळे’ आले : ओळीने उभी राहून, ताल धरून गाणारी मुले. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे. गाणे गावभर पोचवण्याची याहून कार्यक्षम यंत्रणा त्या काळी नव्हती. छापील पुस्तक शंभर घरी जाई. मेळ्याचे पद एका रात्रीत हजारो कानांवर पडे आणि सकाळी नदीवर धुण्याबरोबर गुणगुणले जाई.

देवाधर्माचा आडोसा घेण्यात व्यवहारही होता. १८५७ नंतर इंग्रज सरकार धार्मिक बाबींत हात घालताना दहा वेळा विचार करी. राजकीय सभेवर पोलिसांची नजर असे. गणपतीपुढच्या पदात दानवांचा संहार होत असेल तर तक्रार काय करायची?

तरीही सरकार अगदीच बहिरे नव्हते. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. स्वर्गातून परतलेला शिवाजी आपल्या देशाची अवस्था पाहून बोलतो, अशी तिची कल्पना. खाली सही ‘भवानी तलवार’ अशी. आठवड्याभरात, २२ जूनच्या रात्री, पुण्यात चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या.

या दोन घटनांत थेट संबंध असल्याचे कोणी सिद्ध केले नाही. पण टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला झाला त्यात ती कविता आरोपाचा भाग होती, आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांची. शिवाजी हे नाव यापुढे केवळ इतिहासातले राहणार नव्हते. निदान सरकारी दप्तरात तरी नाही.

मग आला ‘कीचकवध’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नाटक, १९०७. कथा महाभारतातली, एकही आधुनिक नाव नाही. तरी ‘टाइम्स’चा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० च्या आपल्या पुस्तकात लिहिले की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे नाट्यगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. चिरोल हा साम्राज्याचा कडवा पुरस्कर्ता. पण इथे त्याचे वाचन अचूक होते. त्याच वर्षी नाटकावर बंदी आली.

इकडे नाशकात १९०४ मध्ये मित्रमेळ्याचे ‘अभिनव भारत’ झाले. नाव इटलीच्या मॅझिनीच्या ‘यंग इटली’वरून. शपथा, गुप्त सभासद, गावोगावच्या शाखा. १९०६ मध्ये विनायकराव लंडनला गेले आणि नाशिकचा भार पडला थोरले बंधू गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव यांच्यावर.

बाबारावांनी १९०८ मध्ये ‘लघु अभिनव भारत माला’ नावाने कवितांची पुस्तिका काढली. कविता गोविंदाच्या. पुस्तिकेवर प्रकाशकाचे नाव होते. आणि कायद्याला तेवढे पुरे होते. फेब्रुवारी १९०९ च्या अखेरीस बाबारावांना अटक झाली.

आरोप कोणता ठेवायचा, यावर सारे अवलंबून होते. भारतीय दंडविधानाचे १२४-अ हे राजद्रोहाचे कलम लावले असते तर न्यायाधीशाला कमी मुदतीची शिक्षा देण्याची मोकळीक होती. पण बाबारावांवर त्याखेरीज १२१ वे कलमही लागले : सम्राटाविरुद्ध युद्ध करणे, अथवा त्यास चिथावणी देणे. त्या कलमाखाली तेव्हा दोनच शिक्षा होत्या. फाशी, किंवा जन्मठेपेचे काळे पाणी. आणि दोन्हींसोबत मालमत्तेची जप्ती.

म्हणजे प्रश्न असा उरला : चार कविता म्हणजे युद्धाची चिथावणी होय काय?

त्या कविता वरवर देवांविषयी आणि शिवकालाविषयी होत्या. दुष्टांच्या संहारासाठी शस्त्र उचलणारे देव. दानवांच्या रक्ताची तहान लागलेल्या देवता. आणि युद्धाशिवाय जगात कोणाला स्वातंत्र्य मिळाले, असा सरळ सवाल करणारी एक कविता. बचावाला वाव होता तो इथेच. देवादिकांच्या कथा शतकानुशतके गायल्या जात आहेत. त्यांत इंग्रज कोठून आला?

जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. अपील मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती दोन : हीटन आणि नारायण गणेश चंदावरकर.

चंदावरकरांची ओळख थांबून करून घ्यावी अशी आहे. प्रार्थनासमाजाचे अध्वर्यू. संत तुकारामांचे प्रेमी. १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष. म्हणजे ज्या वर्षी नाशकात मित्रमेळा उभा राहत होता, त्याच वर्षी हा गृहस्थ सनदशीर राष्ट्रीय चळवळीच्या सर्वोच्च पदावर होता. मूर्तिपूजा न मानणाऱ्या या सुधारकापुढे आता गणपती आणि शिवाच्या नावाने रचलेली पदे अर्थ लावण्यासाठी ठेवली गेली.

नोव्हेंबर १९०९ मध्ये त्यांनी दिलेला निर्णय मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा : देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे हे निव्वळ निमित्त, कवीचा खरा उद्देश विद्यमान सरकार परकीय आणि जुलमी आहे म्हणून तलवार उपसून ते नष्ट करा, हे सांगण्याचा. अर्थ लावण्यासाठी भगवद्गीतेतल्या कल्पना उसन्या आणण्याचे कारण नाही. कविता स्वतःच स्वतःचा अर्थ सांगतात, आणि मराठी जाणणारा कोणीही त्यांचा दुसरा अर्थ करणार नाही.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. न्यायमूर्तींनी कवितांत गूढ खुणा शोधल्याच नाहीत. कोणता शब्द कशाचे चिन्ह, कोणती देवता कोणत्या मंडळाची, अशी कोष्टके मांडली नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की यात लपलेले काही नाही. ज्याला भाषा येते त्याला अर्थ येतो.

आणि प्रामाणिकपणे पाहिले तर ते बरोबर होते. गोविंदाच्या पदातला दानव कोण, हे मेळ्यातल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळत होते. कळत होते म्हणूनच ते पद लोकप्रिय होते. श्रोत्यांना न समजणारा संकेत गाण्याच्या काही कामाचा नसतो. निदान शाहिरीत तरी नाही. भेदिकाचे कूट शेवटी फडावरच फुटायचे असते.

पण अर्थ बरोबर लावला म्हणून शिक्षाही योग्य ठरते का? कवितेत युद्धाचा पुकारा आहे हे मान्य केले, तरी ती छापणाऱ्याने युद्धाला चिथावणी दिली असे धरून त्याचे उभे आयुष्य अंदमानात घालवायचे, ही उडी कायद्याला मानवत असली तरी न्यायबुद्धीला मानवत नाही. नेमक्या कोणत्या व्यक्तीला नेमक्या कोणत्या कृत्यासाठी चिथावले, हे दाखवण्याचीही गरज न्यायालयाला वाटली नाही. सर्वसाधारण चिथावणी पुरेशी मानली गेली. बाबारावांनी एकही ओळ रचलेली नव्हती. ज्याने रचली तो मोकळा राहिला. बाबारावांनी कवीला या प्रकरणात ओढले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता दुसरी बाजू. गुप्त मंडळ खरोखरच होते. त्याचा माग मात्र गाण्यांतून लागला नाही.

बाबारावांच्या घराच्या झडतीत पोलिसांना बाँब तयार करण्याची माहिती देणारी टंकलिखित कागदांची चळत सापडली. आणि सापडले एक इंग्रजी पुस्तक, जागोजागी खुणा करून वाचलेले : टॉमस फ्रॉस्ट याचे १७७६ ते १८७६ या शतकातल्या युरोपीय क्रांतीतील गुप्त मंडळांविषयीचे. या दोन्हींची नोंद पुढे रौलट समितीच्या अहवालात झाली.

१७७६ हे वर्ष कशाचे? त्या वर्षीच्या १ मे रोजी बव्हेरियातल्या इंगोलस्टाट गावी आडाम वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकाने एक मंडळ स्थापन केले होते. त्याचे नाव इल्युमिनाटी. फ्रॉस्टचे पुस्तक सुरू होते ते त्याच मंडळापासून.

बियॉन्सेच्या हातांत ज्या पंथाची खूण शोधली जाते, त्याचा इतिहास एके काळी नाशकात, रेघा ओढून, अभ्यासाचा विषय म्हणून वाचला गेला होता. खरी इल्युमिनाटी मात्र बव्हेरियाच्या राजसत्तेने १७८४-८५ मध्येच मोडून काढली. आयुष्य दहा वर्षांहूनही कमी. अफवेचे आयुष्य अडीचशे वर्षे होत आले. नाशिकच्या तरुणांना त्यातल्या अफवेत रस नव्हता. त्यांना हवी होती रचना : सभासद कसे घ्यावेत, एका गटाला दुसऱ्याची माहिती कशी असू नये, शपथ कशी बांधावी.

त्याच सुमारास लंडनहून एक पेटी मुंबईच्या वाटेवर होती. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन ती घेऊन निघाला होता. तिच्यात चोरकप्प्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले. मार्च १९०९ मध्ये पेटी पोचली, तेव्हा बाबाराव अटकेत होते. पिस्तुले मात्र योग्य हाती गेली.

गाण्यांचा काथ्याकूट करत बसलेल्या कोणालाही ही पेटी दिसली नसती. गाणे उघड होते, गुप्त होती ती पेटी. नाशिकच्या प्रकरणातली ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहते.

बाबारावांना सत्र न्यायालयाकडे पाठवणारा अधिकारी होता नाशिकचा कलेक्टर, ए. एम. टी. जॅक्सन. लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत, आणि उपहासाने नव्हे. संस्कृत आणि भारतविद्येचा तो गाढा अभ्यासक. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या इतिहासविषयक खंडांत त्याचे लेखन आहे.

त्याचा आणखी एक उद्योग होता. ग्रामदेवता, नवस, भुतेखेते, झाडांची आणि दगडांची पूजा, अंगात येणे, ग्रहणाचे विधी, यांविषयीची माहिती तो गुजरात-कोकणातून शाळामास्तरांकरवी गोळा करत होता. प्रश्नावली पाठवायची, उत्तरे जमवायची. या भूमीतल्या पंथांची आणि प्रतीकांची इतकी पद्धतशीर नोंद करणारा अधिकारी त्या काळी विरळाच. देव आणि दानव हे शब्द इथल्या माणसाच्या मनात काय हलवतात, हे ज्या मोजक्या इंग्रजांना कळत होते त्यांत जॅक्सन होता. गोविंदाची पदे निरुपद्रवी भक्तिगीते आहेत असे त्याला कोणी पटवून देऊ शकले नसते.

जॅक्सनची बदली ठरली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याच्या निरोपाचा म्हणून नाटकाचा प्रयोग होता. किर्लोस्कर मंडळींचे ‘शारदा’.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ म्हणजे जरठ-कुमारी विवाहावरचे नाटक. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी, लोभी बाप, लग्नाला उतावीळ थेरडा. त्यात कोणी दानव नाही, कीचक नाही, तलवार नाही. कलेक्टरसाहेबांनी निर्धास्त पाहावे असे नाटक. सूचक नाटकांना घाबरणाऱ्या सरकारच्या अधिकाऱ्यावर हल्ला झाला तो राजकीय अर्थ नसलेल्या नाटकाच्या रात्री.

जॅक्सन नाट्यगृहात येत असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे औरंगाबादेत शिकत होता. वय विशीच्याही आत. पिस्तूल त्या वीस ब्राउनिंगांपैकी. कारण बाबारावांची जन्मठेप. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले.

पुढची साखळी लांब आहे. नाशिक कटाचा खटला मुंबईच्या विशेष न्यायपीठापुढे चालला. मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, आणि सोबत पुन्हा तेच दोघे : चंदावरकर आणि हीटन. विनायकरावांना लंडनमध्ये पकडून आणले गेले. डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप, ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. एका घरातले दोन भाऊ अंदमानात.

बाबारावांच्या पत्नी येसूबाई नाशकात मागे राहिल्या. शिक्षेत मालमत्तेची जप्तीही होती, त्यामुळे घरातली भांडीकुंडीही गेली. त्यांनी गावातल्या स्त्रियांची ‘आत्मनिष्ठ युवती संघ’ नावाची संघटना चालवली होती. तिथे देशभक्तीची पदे पाठ होत. नवऱ्याला भेटायला जाण्याची परवानगी मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षे अर्ज करत राहिल्या. १९१९ मध्ये त्या वारल्या. बाबाराव सुटले १९२२ मध्ये.

या खटल्यानंतर सरकारची वाचनाची सवयच बदलली. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने छापखान्यांकडून अनामत रकमा मागण्याचा आणि त्या जप्त करण्याचा अधिकार शासनाला दिला. पोवाडे, मेळ्यांची पदे, नाटके, सारे भिंगाखाली आले. गोविंदाच्या पदात दानव म्हणजे इंग्रज हे खरे होते. पण त्यानंतर कोणत्याही पोवाड्यातला खान आणि कोणत्याही आख्यानातला रावण तपासून पाहण्याची पाळी आली. एकदा खरा निघालेला संशय किती दूर पोचतो याचा हा मराठी नमुना.

जॅक्सनने जमवलेली टिपणे वाया गेली नाहीत. आर. ई. एन्थोव्हन या त्याच्या सहकाऱ्याने ती संपादित करून लोकसाहित्याच्या नोंदींचे दोन खंड काढले : गुजरातचा १९१४ मध्ये, कोकणचा १९१५ मध्ये. मुखपृष्ठावर ‘कै. जॅक्सन यांनी गोळा केलेल्या सामग्रीवरून’ असा उल्लेख आहे. कोकणातल्या ग्रामदैवतांचा अभ्यास करणाऱ्याला आजही हे पुस्तक उघडावे लागते. कान्हेरेही मूळचा कोकणातलाच, खेड तालुक्यातल्या आयनी गावचा.

आणि आबा दरेकर? तो नाशकातच राहिला. त्याची पदे जप्त, मित्र तुरुंगात, काही फासावर. स्वतः जागचा न हलू शकणारा. २८ फेब्रुवारी १९२६ रोजी त्याचे निधन झाले. अखेरच्या काळात त्याने मृत्यूचे स्वागत करणारी एक कविता लिहिली : ‘सुंदर मी होणार’. जुने, झिजलेले शरीर टाकून नवे रूप घेण्याची तीत ओढ आहे.

ते शब्द पुढे पु. ल. देशपांडे यांच्या नाटकाचे नाव झाले. त्या नाटकाची नायिका दीदीराजे. ती कविता लिहिते, आणि तिला चालता येत नाही.

नाशिकच्या पांगळ्या कवीचे शब्द एका पांगळ्या कवयित्रीच्या नाटकाला! संकेत शोधणाऱ्याला इथे हर्ष व्हावा. पु. लं.नी गोविंदाला दिलेली ही गुप्त मानवंदना तर नव्हे?

नाटकाचा आधार पाहिला की उत्तर मिळते. ते बेतलेले आहे ‘द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट’ या इंग्रजी नाटकावर, आणि ते नाटक आहे एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीवर. ती आजाराने वर्षानुवर्षे खोलीत पडून होती. दीदीराजेचे पाय लंडनच्या त्या खोलीतून आले. नाव तेवढे तिळभांडेश्वराच्या गल्लीतून.